बेलिफाचं पथ्य

"वजन नंतर. आधी पोट बघू," डॉक्टर घरत म्हणाले आणि त्यांनी बेलिफाला पिशवीतून अलगद काढून टेबलावर ठेवलं.

बेलीफ म्हणजे आमचा बोका. पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि तेव्हा इतका जाड की टेबलावर ठेवल्यावर तो बसला नाही, पसरला. एरवी परक्या माणसाने हात लावला की बोचकारायचा. त्या दिवशी मान खाली घालून नुसता कण्हत होता. सकाळपासून तो अंगणात, मोरीत, शेवटी माझ्या धुतलेल्या साड्यांच्या ढिगावर बसून कुंथत होता आणि एक थेंब बाहेर पडत नव्हता. मी शाळेत रजा कळवली, रिक्षा केली आणि त्याला भाजीच्या पिशवीत घालून रोह्याहून पेणला आणलं.

डॉक्टरांनी त्याच्या पोटाखाली दोन बोटं फिरवली. "मॅडम, इथे हात लावा. मोसंबीसारखं लागतंय ना? लघवीची पिशवी आहे ही. तुंबलीय."

"पुन्हा?"

"पुन्हा. मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं? सुकी मासळी बंद, मीठ बंद. पाणी घालून शिजवलेली कोंबडी, तीही मोजून."

"सगळं बंद आहे हो. मी स्वतः वाटीने मोजून घालते. आणि आमच्याकडे मासळी हल्ली शिजतच नाही. माझे सासरे गेले तेव्हापासून घरात सुकट आलेली नाही."

 डॉक्टरांनी बेलिफाला गुंगीचं इंजेक्शन दिलं, बारीक नळी घातली, आणि बऱ्याच खटपटीनंतर लघवी बाहेर आली. आधी लालसर, मग गढूळ. ती त्यांनी एका स्टीलच्या वाटीत धरली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. मग वाटी माझ्यापुढे कलती केली. तळाशी बारीक रेती बसली होती.

"ही याच्या पोटात तयार झालीय. नर मांजराची नळी उदबत्तीच्या काडीएवढी. त्यात ही रेती अडकते. आता ऐका. हा मागच्या वेळेपेक्षा जाड झालाय. तुम्ही घालता त्यावर हा जाड होणं शक्य नाही. कोणीतरी घालतंय याला."

"कोण घालणार?"

"ते मी कसं सांगू? एवढं सांगतो, घालणारा मायेनेच घालत असणार. तेच अवघड असतं. वैरी असता तर एव्हाना सापडला असता." त्यांनी हात धुतले. "आणि रागाच्या भरात उपाशीबिपाशी ठेवू नका. जाड मांजर उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर जातं. पण आणखी एकदा तुंबला तर मात्र मला याची खात्री देता येणार नाही."

घरी पोचले तेव्हा आई फाटकात उभ्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. रिक्षा थांबायच्या आत त्यांनी विचारलं, "झाली का गं त्याला?"

"झाली."

"देवा नारायणा," असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पोटाशी धरून आत नेली. बेलिफावर त्यांचा जीव होता, पण हा जीव नवा होता. नाना, म्हणजे माझे सासरे, होते तोवर त्या त्याला झाडूने हाकलत.

बोका नानांचा. ते तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. निवृत्तीच्या सुमाराला हा कुठूनसा आला आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. न विचारता कोणाच्याही घरात शिरतो आणि हाती लागेल त्याची जप्ती करतो म्हणून नानांनी त्याचं नाव बेलीफ ठेवलं. मागच्या पडवीत पाट मांडून नाना जेवायला बसत. घरात टेबल आल्यावरही त्यांनी पाट सोडला नाही. हा शेजारी बसे आणि ते त्याला आपल्या घासातला घास देत. नानांचं झालं की त्यांच्याच ताटात आई वाढून घेत. आमच्या पिढीला ते बघवत नसे. मी एकदा तसं बोलले होते, तेव्हा आई म्हणाल्या, "तुझं तू नव्या ताटात जेव ना. मी कुठे आग्रह करतेय?"

चौबळांच्या त्या घरात मी एकटी मासे न खाणारी. मिरजेच्या जोगळेकरांची मुलगी. परागशी लग्न करून आले तेव्हा नानांनी मला दारातच विचारलं होतं, "सोडे खाणार ना?" सोडे म्हणजे सोलून कडकडीत उन्हात वाळवलेली कोळंबी. आमच्या घरात लोक देवानंतर सोड्यांचं नाव घेत. सोड्याची खिचडी शिजायला लागली की मी सगळ्या खिडक्या उघडायचे आणि नाना त्या मुद्दाम बंद करत फिरायचे.

"शुभदा, एकदा सोडे खा. मग तुला कळेल तुझ्या बापाने तुझं केवढं नुकसान केलं."

"नको नाना. माझं वालाचं बिरडं बरं आहे."

"तू सोडे खाल्लेस की मी सुखाने डोळे मिटीन बघ."

"मग तर मी मुळीच नाही खाणार. म्हणजे तुम्ही शंभर वर्षं जगाल."

हे आमचं दर रविवारचं. पुढे नानांचं हृदय थकलं, पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं. लोणचं गेलं, पापड गेले, सोडे तर पहिल्याच दिवशी गेले. आईंनी ते पथ्य असं सांभाळलं की इस्पितळातल्या नर्सने हात टेकावेत. शेवटची दोन वर्षं नाना अळणी जेवले. मग माघात एका शुक्रवारी पाटावरून उठताना खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत.

पण मी बेलिफाचं सांगत होते. मी गणिताची शिक्षिका. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की मला चैन पडत नाही. आत जातंय कमी आणि वजन वाढतंय, म्हणजे कुठेतरी एक राशी मला दिसत नव्हती. पहिला संशय शेजारच्या मोरेवहिनींवर. त्यांच्याकडे बुधवार-शुक्रवार-रविवार मासळी. मी कुंपणावरून विषय काढला.

"काय बाई तरी," मोरेवहिनी म्हणाल्या. "आधी यायचा हो, ओट्यावरून बांगडा घेऊन पळायचा मेला. पण हल्ली फिरकतसुद्धा नाही. दुपारी तर नाहीच. दुपारी तो तुमच्याच पडवीत असतो."

"पडवीत काय करतो?"

"आता ते मला काय माहीत? तुमच्या सासूबाईंनाच विचारा."

मी आईंना विचारलं. आई तांदूळ निवडत होत्या. "झोपतो," म्हणाल्या. "दुसरं काय करणार? म्हातारा झालाय तोही."

मग मी परागला धरलं. पराग धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा, घरी आला की झोपायचा. "मी?" तो म्हणाला. "मला स्वतःला वाढून घ्यायला वेळ नाही, बोक्याला कुठून वाढू? आईला विचारलंस का?"

"आईंना कसं विचारू? त्यांनी स्वतः सोडे सोडलेत. घरात मासळीचा वास तरी येतो का?"

वास खरंच येत नसे. संध्याकाळी शाळेतून आले की घरभर उदाचा वास असायचा. नाना गेल्यापासून आई दुपारी ऊद घालत. म्हातारं माणूस, एकटं असतं दिवसभर, देवाधर्माकडे लागलं तर बरंच, असं मला वाटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. त्या दिवसांत डोळे मीच मिटले होते.

श्रावण संपल्यावर एका सकाळी आमच्या शाळेच्या कमिटीतले एक वयोवृद्ध सभासद वारले. शोकसभा झाली आणि शाळा सोडली. भर बाराला मी घरी आले. पुढचं दार आतून लावलेलं होतं, म्हणून वळसा घालून परसातून गेले. पडवीच्या पायरीशी आले आणि तिथेच थबकले.

नानांचा पाट मांडला होता. ताटाभोवती रांगोळीची रेघ होती, पाण्याचा तांब्या होता, एका बाजूला धुपाटण्यात ऊद धुमसत होता. ताटात सोड्याची खिचडी, वर खोबरं आणि कोथिंबीर. पाटावर बेलीफ बसला होता आणि पद्धतशीर जेवत होता. समोर आई बसून त्याला हातपंख्याने विंझणवारा घालत होत्या.

"अहो, सावकाश," त्या म्हणत होत्या. "कोणी काढून घेत नाहीये. मीठ आहे ना बरोबर?"

 मला जो राग आला, तो त्या रिक्षेच्या फेऱ्यांचा, त्या वाटीतल्या रेतीचा, सगळा एकदम आला. मी चपला न काढता पडवीत शिरले आणि ताट उचललं.

"आई, तुम्ही मारताय त्याला!"

आई दचकल्या, पण त्यांचा पहिला शब्द वेगळाच निघाला. "जेवत्यापुढचं ताट उचलू नये गं."

"हा बोका आहे, आई!"

"बोका आहे ते दिसतंय मला. डोळे फुटलेले नाहीत माझे, आणि वेडही लागलेलं नाही." त्यांनी पंखा खाली ठेवला. "ठेव ते ताट खाली. त्याला नको देऊस, पण खाली ठेव."

मी ठेवलं. बेलीफ मिशा चाटत आमच्याकडे आळीपाळीने बघत होता.

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्यासमोर बोलले मी. पुन्हा तुंबला तर तो जगेल की नाही सांगता येत नाही म्हणाले. तरी तुम्ही रोज..."

"रोज नाही. एक दिवसाआड."

"आई!"

 पदराने उगाच पाट पुसत त्या म्हणाल्या, "घाटावर तू होतीस ना दहाव्याला?"

होते. ते कोण विसरणार? कुंडलिकेच्या घाटावर पिंड ठेवले होते, झाडावर कावळे होते आणि एकही खाली उतरत नव्हता. पराग हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन. काही झालं नाही. म्हणाला, घर विकणार नाही. नाही. नानांचे धाकटे भाऊ ओरडले, "अरे दादा, तुझ्या बेलिफाला सांभाळतो, मग तर झालं?" लोक त्या प्रसंगीही हसले. कावळे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पुढचं उरकलं. आई हट्टाने घाटावर आल्या होत्या. त्या एका बाजूला उभ्या होत्या, आणि त्या एकट्याच काही बोलल्या नव्हत्या.

"सगळ्यांना कोडं पडलं होतं, यांचं काय राहिलं म्हणून," आई म्हणाल्या. "मला पडलं नव्हतं. मला ठाऊक होतं."

"काय?"

"त्या शुक्रवारी ताटावर बसले आणि म्हणाले, दोनच सोडे दे. खिचडी नको, नुसते दोन भाजून दे, चाखायला. मी म्हटलं, आज नको. रविवारी डॉक्टर येणारेत, त्यांना विचारू आणि मग देते. हसले. म्हणाले, बरं, रविवारी. आणि ते अळणी वरण-भात जेवले. सगळं जेवले गं. पानात शीत टाकलं नाही. आणि उठताना..."

 मीही खाली बसले.

"घाटावर चारचौघांत काय सांगणार होते मी? की अहो या, सोडे घालते? जिवंतपणी दोन दिले नाहीत आणि मेल्यावर घालते?" त्यांचा आवाज चढला. "तेराव्यानंतर तुम्ही सगळे कामाला गेलात तेव्हा केली खिचडी. अंगणात ताट ठेवून बसून राहिले. कावळा आला नाही. हा आला. ते गेले त्या दिवसापासून हा घरात नव्हता, आठवतंय तुला? त्या दिवशी आला, ताटावर बसला आणि सगळं चाटून पुसून खाल्लं. त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली."

"पण आई, त्याला ते सोसत नाही."

"त्यांनाही सोसत नव्हतं. म्हणून तोडलं ना? दोन वर्षं मी तोडलं, काय झालं? वाचले?" त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बोक्याकडे बघत होत्या. "पथ्य पाळून एकाला उपाशी मारलं. आता ह्याच्या तोंडचंही काढू?"

"नाना पथ्याने नाही गेले. त्यांचं हृदय थकलं होतं. पथ्यानेच दोन वर्षं मिळाली."

"ते तुझ्या गणितात. माझ्यात नाही."

 खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटत होतं, आणि दोन्ही जमत नव्हतं. थोड्या वेळाने त्या उठल्या. ताटातली खिचडी त्यांनी परसातल्या खड्ड्यात टाकली, वर माती ओढली आणि म्हणाल्या, "नाही घालणार आता. तुझ्या गळ्याची शपथ." आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत.

शब्द त्यांनी पाळला. पण रेती शब्द ओळखत नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी बेलीफ पडवीत कुंथताना दिसला. मी पिशवी काढली तर आई लुगडं बदलून दारात उभ्या. "मी येते," म्हणाल्या. रिक्षेत पूर्ण वाटभर पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांचा हात पिशवीत होता.

डॉक्टर घरतांनी पोट चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. "सापडला का मॅडम, घालणारा?"

मी सारवासारव करणार होते. तेवढ्यात आई म्हणाल्या, "मी."

डॉक्टर तरुण होते, पण शहाणे होते. पुढे काही विचारलं नाही. नळी घालताना त्यांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं, तरी आई आतच राहिल्या. मी दारातून बघत होते. लघवी वाटीत धरून झाल्यावर डॉक्टरांनी ती त्यांच्यापुढे धरली. "आजी, बघा. यामुळे अडकतं."

आईंनी वाटीत बोट बुडवलं.  बोटाला लागलेले कण त्यांनी अंगठ्याने चोळून बघितले.

"मिठासारखं लागतंय," त्या म्हणाल्या.

"नळी ठेवून द्यावी लागेल. हा इथे राहू दे," डॉक्टर म्हणाले. "रविवारी या."

आईंनी एकदम वर बघितलं. "रविवारी?"

"हो. रविवारी सकाळी नळी काढतो."

परतीच्या वाटेवर रिकामी पिशवी त्यांनी घडी करून हातात धरली होती. नागोठणं मागे पडल्यावर एकदाच बोलल्या. "रविवार उजाडू दे बाई त्याचा."

उजाडला. बेलीफ जिवंत होता. पण तो आमचा बोका वाटत नव्हता. अंग ढिलं पडलं होतं, डोळ्यांवर पडदा आला होता. डॉक्टर म्हणाले, "नळी काढलीय. आता याने स्वतःहून करायला हवी. एका खोलीत ठेवा, रेती द्या, पाणी द्या, आणि कोणी हात लावू नका. संध्याकाळपर्यंत झाली तर सुटला. नाही झाली तर तसाच घेऊन या, कापावं लागेल. आणि याची अवस्था बघताय तुम्ही. मी शब्द देत नाही."

पराग सकाळच्या शिफ्टला गेला होता. आम्ही दोघींनी बेलिफाला मोरीत ठेवलं, घमेल्यात नदीची रेती ओतली, बाजूला पाण्याचं भांडं ठेवलं आणि दार ओढून घेतलं. मोरी पडवीला लागून. आई बाहेर पायरीवर बसल्या.

"झाली का गं?"

"आत्ताच तर ठेवलाय आई."

मी कणीक मळली, वह्या तपासायला घेतल्या, एकही तपासली नाही. दर थोड्या वेळाने फटीतून बघायचे. तो भिंतीला टेकून बसला होता, घमेल्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

"झाली का?"

"नाही."

दुपार चढली. आई पायरीवरून हलल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. मोरीच्या दाराकडे टक लावून, हात मांडीवर उलटे टाकून बसल्या होत्या. घाटावर त्या अशाच उभ्या होत्या. तेव्हाही त्या तोंडाने काही बोलल्या नव्हत्या, आणि आता त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला एखाद्या सोप्या उदाहरणासारखं स्वच्छ दिसत होतं. हा गेला तर आपण नानांना दोनदा मारलं, असं त्या मरेपर्यंत धरून बसणार होत्या. एकदा न घालून आणि एकदा घालून.

मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आई, सोडे संपले का?"

"डब्याच्या तळाशी असतील मूठभर. टाकून दे."

"टाकायला नाही विचारत. करा."

त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "कोणासाठी?"

"श्राद्धाला पितरांच्या जागी कोणीतरी जेवायला बसतंच ना? तुम्ही पाट मांडा. मी बसते."

"तू?" त्या उठून उभ्या राहिल्या. "अगं, तुला वाससुद्धा सोसत नाही."

"खिडक्या नाही उघडत. करा तुम्ही."

 त्या आत गेल्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग पाट्यावर वाटण वाटल्याचा. सोडे तेलावर पडले तेव्हा तो वास घरभर झाला आणि मोरीतून बेलीफ पहिल्यांदा ओरडला. क्षीण, पण ओरडला. त्याच्या हक्काच्या जेवणाची वेळ झाली होती.

पाट मांडला. रांगोळीची रेघ ओढली. ऊद मात्र त्या दिवशी त्यांनी घातला नाही. मी पाटावर बसले. आईंनी ताट पुढे ठेवलं आणि समोर बसून पंखा हातात घेतला.

पहिला घास मी डोळे मिटून घेतला. सोडा दाताखाली आला, चिवट लागला, आणि सगळा समुद्र घशाशी आला. घास तोंडात नुसता फिरत राहिला. परत काढावा असं शंभर वेळा वाटलं. शंभर वर्षं जगाल, असं मी त्यांना म्हणायचे. मी तो घास गिळला. माझे डोळे वाहत होते आणि ते कशाने, वासाने की नानांच्या आठवणीने, हे मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येणार नाही.

"सावकाश," आई म्हणाल्या. "कोणी काढून घेत नाहीये."

मी दुसरा घास घेतला. तिसरा.

"मीठ आहे ना बरोबर?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"खरं सांग."

"खरंच आई. अगदी बरोबर आहे मीठ."

पंखा थांबला. आईंनी डोक्यावर पदर घेतला आणि परसाकडे तोंड करून मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? शुभदाने सोडे खाल्ले हो. तुमच्या सुनेने सोडे खाल्ले."

परसात ऊन होतं. कुंपणावर कावळा वगैरे काही नव्हता. मी पुढचा घास हातात धरून बसले होते.

आणि मोरीतून रेती उकरल्याचा आवाज आला.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. उकरणं थांबलं. मग काही नाही, काही नाही, आणि मग घमेल्यातल्या रेतीवर बारीक धार पडल्याचा आवाज आला. तुटत, पुन्हा लागत, पण येत राहिला. मी धडपडून उठायला लागले.

"बस," आई म्हणाल्या. "ताटावरून उठू नये."

त्या स्वतः गेल्या. मोरीचं दार बोटभर उघडून त्यांनी आत बघितलं. आत रेती ओढून झाकल्याचा आवाज चालला होता. आईंनी दार तसंच धरून, कपाळ चौकटीला टेकवून दोन्ही हात जोडले आणि त्या रडल्या. नाना गेल्यापासून त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मी ताट संपवलं. पानात शीत टाकलं नाही.

डोळे पुसून त्या परत आल्या आणि माझ्या समोर बसल्या. त्या घरात मी दहा वर्षं सून होते आणि सासूने सुनेचं उष्टं ताट साधं उचललेलंही मी पाहिलं नव्हतं. आईंनी ते ताट आपल्याकडे ओढलं, पातेल्यात उरलेली खिचडी त्यातच वाढून घेतली आणि जेवायला लागल्या.